फसवणाऱ्याला कर्ता करा

मराठी वृत्तपत्रांचे संपादक, उपसंपादक आणि गुन्हेवार्ता लिहिणारे बातमीदार यांना खुले पत्र



तुमच्या शहर-जिल्हा पानांवर ‘फसवणूक’ हा शब्द आला नाही असा दिवस आता क्वचितच जातो. कधी निवृत्त शिक्षिकेच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम गेलेली असते. कधी व्यापारी शेतकऱ्याचा कांदा उचलून पैसे न देता पसार झालेला असतो. कधी मुलाला नोकरी लागावी म्हणून बापाने विकलेल्या जमिनीचे पैसे बुडालेले असतात. या बातम्या तुम्ही छापता हे चांगलेच आहे. त्या छापल्या नाहीत तर पुढच्या माणसाला सावध कोण करणार? माझे म्हणणे आहे ते त्या बातम्यांमधल्या वाक्यांबद्दल. ही वाक्ये वर्षानुवर्षे अशा साच्यात घडत आली आहेत की फसवणारा त्यांत दिसतच नाही आणि ज्याला फसवले तो माणूस मात्र भर चौकात उभा केला जातो.

मी बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिकांना तक्रारअर्ज लिहून देण्याचे काम करते. त्यामुळे या वाक्यांचा परिणाम मला समोरच्या खुर्चीत बसलेला दिसतो. पैसे गेले ही गोष्ट सांगण्याआधी माणूस स्वतःचा गुन्हा कबूल केल्यासारखा बोलू लागतो. “माझीच अक्कल गेली होती”, “मीच मूर्खपणा केला”, “पेपरात नाव तर येणार नाही ना?” ज्याचे पैसे लुटले गेले त्याने अशी मान खाली का घालावी? ही लाज त्याला घरातून मिळते, सोसायटीतून मिळते, पोलीस ठाण्याच्या बाकावर मिळते; आणि तिचा मोठा वाटा रोज सकाळी दारात पडणाऱ्या छापील मथळ्यांमधूनही येतो, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे पत्र.

मराठीत ‘फसणे’ आणि ‘फसवणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. बेत फसतो, प्रयोग फसतो, गाडीचे चाक चिखलात फसते. तिथे करणारा कोणी असावाच लागतो असे नाही. ‘फसवणे’ मात्र करणाऱ्यावाचून होऊच शकत नाही. आता तुमच्याकडे नेहमी येणाऱ्या धर्तीचे मथळे पाहा: ‘निवृत्त अधिकारी अडकला सायबर जाळ्यात’, ‘उच्चशिक्षित तरुणी भूलथापांना बळी’, ‘जादा परताव्याच्या मोहापायी गमावले २२ लाख’. तिन्ही वाक्यांत कर्ता कोण? अधिकारी, तरुणी, आणि पैसे गमावणारा तो अनामिक. अडकला तो, बळी पडली ती, गमावले त्यानेच. ज्याने दुसऱ्याच्या नावावर सिमकार्डे मिळवली, बनावट ओळखपत्रे तयार केली, कोणाकोणाची बँकखाती भाड्याने घेतली, रोज ठरलेल्या वेळी फोन करून गोड बोलून विश्वास कमावला, त्याला या वाक्यांत जागाच नाही. एवढे कष्ट करून केलेला गुन्हा वाक्यात अपघातासारखा दिसतो.

त्यात ‘उच्चशिक्षित’ हे विशेषण. ते कशासाठी येते? शिकलेली असूनही हिला कळले नाही, एवढेच सुचवण्यासाठी. चोराने डॉक्टरच्या घराचे कुलूप तोडले तर ‘उच्चशिक्षित डॉक्टरच्या घरी चोरी’ असे कोणी लिहीत नाही, कारण चोरी झाली यात घरमालकाच्या शिक्षणाचा संबंध काय, हे सगळ्यांना उघड दिसते. फसवणुकीतही तो तितकाच नसतो. फसवणारा माणसाच्या पदवीशी खेळत नाही. मुलाला अपघात झाला असेल ही भीती, बँकेचे खाते बंद पडेल ही घाई, पोलिसांचा धाक, एकटेपण, आजारपण, यांच्याशी तो खेळतो.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे आणि ती वाटते त्याहून मोठी आहे. ‘बँकेची ४० लाखांची फसवणूक’ असा मथळा वाचून सांगा, बँकेने कोणाला फसवले की बँकेला कोणी फसवले? मराठीतली षष्ठी दोन्हीकडे चालते. ‘आईची माया’ म्हणजे आईने केलेली माया; ‘देवाची पूजा’ म्हणजे देवाला उद्देशून केलेली पूजा. त्याच न्यायाने ‘डॉक्टरची फसवणूक’, ‘सरपंचाची फसवणूक’, ‘महिलेची फसवणूक’ हे शब्द घाईने नजर फिरवणाऱ्या वाचकाच्या मनात कुठल्याही बाजूने पडू शकतात. गावात चार माणसांनी नुसता मथळा वाचला की फसवला गेलेला सरपंच फसवणारा ठरायला वेळ लागत नाही. उपाय अगदी छोटा आहे, एका प्रत्ययाचा: ‘बँकेला ४० लाखांना फसवले’, ‘सरपंचाला फसवले’. अर्थ तिथल्या तिथे पक्का होतो, आणि क्रियापद आले की वाचक आपोआप विचारतो, कोणी? (जाता जाता: मूळ शब्द ‘फसवणूक’, पण प्रत्यय लागला की ‘फसवणुकीचा’, ‘फसवणुकीत’. ‘फसवणूकीचा’ असे दीर्घ रूप मोठ्या मथळ्यात दिसते तेव्हा खटकते.)

आता ‘आमिष’. हा शब्द तर तुमच्या पानांवर जवळजवळ साचा झाला आहे. मूळ संस्कृत अर्थ मांस, आणि त्यावरून गळाला लावलेला तुकडा. म्हणजे आमिष म्हटले की गळ आला, गळ टाकून बसलेला माणूस आला. ‘आमिष दाखवून पैसे उकळले’ हे वाक्य म्हणूनच बरोबर आहे; त्यात दाखवणारा आहे. ‘आमिषाला बळी पडला’ म्हटले की तो माणूस नाहीसा होतो आणि उरतो फक्त दुसऱ्याचा लोभ. शिवाय हा शब्द जिथे आमिष नव्हतेच तिथेही चिकटवला जातो. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क साधा’ असा संदेश आलेल्या आजीबाईंनी कोणता लोभ केला? केवायसी अद्ययावत केली नाही तर निवृत्तिवेतनाचे खाते गोठेल असे ऐकून ज्यांनी ओटीपी सांगितला, त्यांना कुठल्या परताव्याची आशा होती? तिथे भीती घातली होती. ‘खाते बंद पडेल अशी भीती घालून’ एवढेच लिहायचे असते. ते लिहिले तर वाचकाला गुन्ह्याची रीत कळते. ‘आमिष’ लिहिले तर त्याला वाटते, मी लोभी नाही, मला हे होणार नाही. आणि तोच पुढच्या वेळी भीतीने फोन उचलतो.

पण सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती ‘डिजिटल अटक’ या शब्दाची. पोलीस, सीबीआय किंवा ईडीचे अधिकारी असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, घरातच बसवून ठेवायचे. पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशाचे खाते उघडले आहे, असे सांगायचे. आणि ‘तपासणीसाठी’ म्हणून सगळी पुंजी वळती करून घ्यायची, असा हा गुन्हा. ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये खुद्द पंतप्रधानांनी सांगितले की कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. व्हिडिओ कॉलवरून कोणाला अटक करता येत नाही आणि तपास यंत्रणा फोनवर पैसे मागत नाहीत. मग हा शब्द कोणाचा? तो गुन्हेगारांच्या तोंडचा आहे. समोरच्या वृद्धेला खरे वाटावे म्हणून वापरलेले ते त्यांचे हत्यार आहे. आणि आपण काय लिहितो? ‘ज्येष्ठ दाम्पत्याला तीन दिवस डिजिटल अटक’. अवतरणचिन्हे नाहीत, ‘तथाकथित’ नाही. ज्या आजोबांना हा फोन आलेला नाही, तेही हा मथळा वाचून मनाशी नोंद करतात की अशी काहीतरी अटक असते बुवा. उद्या खरोखर फोन आला की ती नोंद गुन्हेगाराच्या कामी येते. सावध करण्यासाठी छापलेली बातमी अशी उलटी पडते.

यासाठी मराठीत नवा शब्द घडवायची गरज नाही. ‘तोतया’ आहे. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, त्यानंतर मीच भाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला आणि थोडीथोडकी नव्हे, शहाणीसुरती माणसेही त्याच्यामागे गेली. १७७६ मध्ये त्याचे बंड मोडून काढून त्याला देहदंड दिला गेला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. हा शब्द उच्चारला की दोष कोणाचा याबद्दल मराठी माणसाच्या मनात क्षणभरही शंका राहत नाही. भाऊंच्या आठवणीने गहिवरून तोतयाला मुजरा करणाऱ्यांना इतिहासाने मूर्ख म्हटले नाही. तोतयाला तोतया म्हटले. कायद्याच्या मराठी भाषांतरातही ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ असा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणून ‘तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर धमकावून शिक्षिकेचे १२ लाख लुबाडले’ असे लिहा. वाक्यात गुन्हा आहे, गुन्हेगार आहे, रीत आहे, आणि शिक्षिकेची मान ताठ आहे.

एखाद्या शब्दाने काय होते, असे कोणी म्हणेल. या गुन्ह्यात वेळ म्हणजेच पैसा असतो, हे बँकेत काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. गेलेली रक्कम पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाही. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात जाते, तुकडे होतात, एटीएममधून रोख निघते. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली की संबंधित बँकांना सूचना जाते आणि जिथे रक्कम शिल्लक असेल तिथे ती गोठवता येते. एक तास उशीर झाला तरी फरक पडतो. दोन दिवसांनी बहुधा हाती काही लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातही हाच धागा आहे. खात्यातून अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला, त्यात ग्राहकाचा आणि बँकेचा दोघांचाही दोष नसला आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार नाही. नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणातून झाले असले, म्हणजे त्याने ओटीपी सांगितला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. म्हणजे अक्षरशः कळवण्याच्या क्षणावर सगळे अवलंबून.

आणि माणूस कळवत नाही, तो नेमका लाजेने. मुलाला कळले तर तो काय म्हणेल, सून काय म्हणेल, खाते आपल्या हातातून काढून घेतील का, या विचारात रात्र जाते. सकाळी तो वर्तमानपत्र उघडतो आणि त्यात ‘मोहापायी गमावले’ असे दुसऱ्या कोणाबद्दल वाचतो. मग आणखी एक दिवस गप्प बसतो. हे मी समोर पाहिले आहे, म्हणून इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. ‘फसवणूक’ हा शब्द जिथे हवा तिथे मवाळ होतो, तसा जिथे नको तिथे सढळही वापरला जातो. बांधकाम रखडले, ‘ग्राहकांची फसवणूक’. निवडणुकीतले आश्वासन पाळले नाही, ‘मतदारांची फसवणूक’. पाऊस अंदाजाप्रमाणे पडला नाही तरी ‘हवामान खात्याकडून फसवणूक’ म्हणणारे आहेत. राग समजतो, पण फसवणुकीचा प्राण तिच्यातल्या कपटात आहे, आणि ते कपट सुरुवातीपासून असावे लागते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हा फरक फार सुंदर उदाहरणाने सांगितला होता. एक जण दुसऱ्याला नीळ पुरवण्याचे कबूल करून आगाऊ पैसे घेतो. पैसे घेतानाच त्याच्या मनात नीळ द्यायची नसेल, तर ती ठकवणूक. पैसे घेताना द्यायची इच्छा होती, पुढे त्याने करार मोडला आणि दिली नाही, तर ठकवणूक नाही. दिवाणी दावा लावावा. निळीचा व्यापार गेला, १ जुलै २०२४ पासून ती संहिताही गेली आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आले, तरी कसोटी तीच आहे: पैसे घेताना मनात काय होते? ‘अप्रामाणिकपणे’ या शब्दाची कायद्यातली व्याख्याही तितकीच नेमकी आहे. एकाचा गैरलाभ किंवा दुसऱ्याची गैरहानी करण्याचा हेतू. आणि खरी गोष्ट अप्रामाणिकपणे लपवून ठेवणे हीसुद्धा कायद्याने फसवणूकच आहे, हे विसरू नये.

‘लग्नाचे आमिष दाखवून’ या तुमच्या नेहमीच्या शब्दयोजनेलाही हीच कसोटी लावा. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वचन देतानाच ते पाळायचे नव्हते हे दिसले पाहिजे. पुढे परिस्थितीने वचन मोडले तर ती वेगळी गोष्ट. बातमीदाराने यात निवाडा करू नये, पण फिर्यादीत काय म्हटले आहे ते तरी नेमके लिहावे. ‘आपले लग्न झालेले आहे हे लपवून’ असे फिर्यादीत असेल तर ते लिहा. त्या एका तपशिलाने बातमी खरी होते. ‘आमिष’ या शब्दाने सगळ्या स्त्रिया एकाच साच्यात ओतल्या जातात.

फसवणूक आणि अपहार यांतही गल्लत होते. कपटाने पैसे काढून घेणे ही फसवणूक. विश्वासाने हाती सोपवलेले पैसे नंतर खाणे हा अपहार किंवा कायद्याच्या भाषेत फौजदारीपात्र न्यासभंग. भिशी चालवणाऱ्याने पहिल्याच दिवशी पळून जायचे ठरवून पैसे गोळा केले तर एक गुन्हा, गणेश मंडळाच्या खजिनदाराने जमा झालेली वर्गणी पुढे स्वतःच्या घरासाठी वापरली तर दुसरा. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खंत व्यक्त केली की इतकी वर्षे कायदा असूनही पोलिसांना आणि न्यायालयांनाही या दोहोंतला भेद उमगत नाही आणि दोन्ही कलमे सरसकट लावली जातात. पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे उतरवले की ती गल्लत तुमच्या पानावर येते. त्या पत्रकात ‘सदर इसमाने फिर्यादीचा विश्वास संपादन करून’ असे जे शब्द असतात, ते मात्र टाकून देऊ नका. ते रुक्ष असतील, पण त्यांत इसम कर्ता आहे आणि विश्वास त्याने मिळवला आहे. मथळा देताना आपण नेमका तोच भाग कापतो.

यापुढचे लिहिताना मला जास्त दुःख होते. दुचाकीवरून येऊन, पोलीस असल्याची बतावणी करून, म्हातारीच्या बांगड्या काढून घेणाऱ्याला आपण सर्रास ‘भामटा’ लिहितो. ‘भामट्यांनी’ हा शब्द मथळ्यात छान बसतो, लहान आहे, ठसठशीत आहे. पण भामटा आणि राजपूत भामटा ही महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीतली नावे आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मानेच चोर ठरवायला सुरुवात केली, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्या कक्षेत आला, पोलीस ठाण्यातल्या हजेऱ्या आल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती आल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. कायदा गेला, पण वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तो शिक्का अजून मारला जातो आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. जन्माने चिकटलेले नाव माणसाला कुठवर छळते हे त्या पुस्तकाने महाराष्ट्राला सांगितले होते. शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीच्या जातीच्या दाखल्यावर जे नाव आहे, तेच वर्गातल्या भिंतीवर चिकटवलेल्या कात्रणात चोराचे नाव म्हणून छापलेले असेल, तर तिने त्या भिंतीकडे कसे बघावे? ‘लुटारू’, ‘तोतया’, ‘ठक’, ‘लबाड’, ‘आरोपी’, असे शब्द हाताशी असताना हा एक शब्द कायमचा सोडून देणे अवघड नाही.

आणि याच पानावर, दोन रकाने पलीकडे, हजारो ठेवीदारांचे पैसे घशात घालण्याचा आरोप असलेल्या संचालक मंडळाची बातमी असते. तिथे आपली भाषा एकदम मऊ होते. ‘आर्थिक अनियमितता’, ‘गैरव्यवहार’, ‘ताळेबंदात तफावत’. फार झाले तर ‘घोटाळा’. आणि घोटाळा हा तर मराठीत नावांचाही होतो, तारखांचाही होतो, लग्नाच्या पत्रिकेतही होतो. त्यात कपट दिसत नाही, गोंधळ दिसतो. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येणार होते. एका बांधकाम उद्योगसमूहाची प्रचंड थकीत कर्जे झाकण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवली गेली, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. बनावट खाते ‘अनियमित’ कसे असेल? नियम पाळायचा राहून गेला म्हणजे अनियमितता. खोटी नोंद मुद्दाम करावी लागते. ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रानेच १९९९ मध्ये जो कायदा केला, त्यात वित्तीय संस्थेने कपटाने ठेवी बुडवण्याला स्वतंत्र शिक्षा आहे. कायदा कपट म्हणतो, मग आपण तफावत का म्हणायचे? बांगड्या नेणारा आणि ठेवी नेणारा यांना मोजायला दोन वेगळे शब्दसंच असू नयेत. आरोप सिद्ध झालेला नसेल तर ‘फसवणुकीचा आरोप’ लिहा. कोणाचीही बदनामी होत नाही आणि ठेवीदाराला आपले दुःख तुमच्या वाक्यात ओळखता येते. हाच नियम गरीब आरोपीलाही लावा. अटक झाली म्हणजे तो दोषी ठरला असे नाही.

कौतुकाच्या शब्दांबद्दलही थोडे. ‘हातोहात गंडा’, ‘लाखोंचा चुना’, ‘चोराची अफलातून शक्कल’, ‘असा केला हात साफ’. हे शब्द बोलीत गोड आहेत, मलाही आवडतात. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ पासून आपण सगळेच पुन्हा पुन्हा पाहत आलो आहोत, आणि चित्रपटातली बनवाबनवी हसण्यासाठीच असते. पण आईच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेले पैसे ज्या मुलाच्या खात्यातून गेले, त्याने आपल्या बातमीवर ‘चुना’ हा शब्द वाचावा का? ज्या शब्दांनी आपण मित्राने केलेली गंमत सांगतो, ते शब्द लुटीला लावले की लूट हलकी होते आणि लुटणारा हुशार ठरतो.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. बातमी रात्री उशिरा येते, उपसंपादकाच्या हातात काही मिनिटे असतात, रकाना एवढासा असतो आणि मथळ्याची अक्षरे मोजूनमापून बसवायची असतात. म्हणून मुद्दाम मोजून पाहिले. ‘डिजिटल अटकेच्या जाळ्यात अडकून शिक्षिकेने गमावले १२ लाख’ यापेक्षा ‘तोतया पोलिसांनी शिक्षिकेचे १२ लाख लुबाडले’ हा मथळा आखूड आहे. ‘जादा परताव्याच्या आमिषाला बळी पडून शेतकऱ्याची फसवणूक’ यापेक्षा ‘खोटा परतावा दाखवून शेतकऱ्याला फसवले’ हा आखूड आहे. आरोपी अज्ञात असला तरी अडत नाही. ‘अज्ञात व्यक्तीने’ हाही कर्ताच आहे.

तुमच्यापैकी अनेक वृत्तपत्रांकडे शैलीपुस्तिका असते. जाहिरातीचा शब्द कसा लिहायचा, अनुस्वार कुठे द्यायचा, हे त्यात असते. त्यात या विषयासाठी एक पान वाढवा, ही माझी विनंती आहे. ‘भामटा’ वापरायचा नाही. ‘डिजिटल अटक’ अवतरणचिन्हांशिवाय छापायचे नाही. ‘उच्चशिक्षित’ आणि ‘मोहापायी’ ही लेबले लुटल्या गेलेल्याला लावायची नाहीत. आमिष जिथे खरोखर दाखवले असेल तिथेच लिहायचे आणि दाखवणाऱ्यासह लिहायचे. प्रत्येक अशा बातमीच्या शेवटी १९३० हा क्रमांक आणि ‘लगेच कळवा’ हे दोन शब्द छापायचे. जागा अर्ध्या ओळीची लागते.

आणि एक मागणे पाठपुराव्याचे. पैसे गेले त्या दिवशी बातमी येते. वेळेवर तक्रार केल्यामुळे रक्कम गोठली, मग न्यायालयाच्या आदेशाने ती परत मिळाली, याची बातमी आली तरी कोपऱ्यात येते. तिला वर जागा द्या. कोणी कधी कळवले, किती तासांत कळवले, बँकेने काय केले, किती परत मिळाले, हे सगळे त्यात लिहा. ज्याने लाज बाजूला ठेवून पहिल्याच तासात फोन केला, त्याला त्या बातमीत कर्ता करा.

आपली एक नियमित वाचक